मागच्या तारखेची प्रिंट

नांदेडच्या एका कनिष्ठ महाविद्यालयात मी गणित शिकवतो. गणितवाल्याला कंप्युटर येणारच, असं आमच्याकडे सगळ्यांनी धरून ठेवलं आहे, म्हणून संगणक कक्षाची किल्लीही माझ्याच खिशात असते. निकालानंतरच्या दिवसांत तिथे मुलांपेक्षा पालक जास्त दिसतात. कुणाला शिष्यवृत्तीचा अर्ज भरायचा असतो, कुणाला जुनी गुणपत्रिका पडताळून घ्यायची असते. ही कामं ज्या साईटींवर होतात त्यांतल्या बऱ्याच कुणीतरी एकदा बांधल्या आणि मग तशाच सोडून दिल्या. पत्ता टाकला की पांढऱ्या पडद्यावर लाल त्रिकोण येतो आणि त्याखाली जाड अक्षरांत ओळ येते, ‘तुमचे कनेक्शन खाजगी नाही.’

हे वाचून लोक बिचकतात. धर्माबादकडचे एक गृहस्थ तेवढे बिचकले नव्हते. ते खुर्ची मागे सरकवून म्हणाले, “खाजगी न्हाई म्हंजे बरंच हाय की सर. आपल्याला सरकारीच पाहिजे.”

मी प्रत्येकाला तेच समजावून सांगतो. प्रत्येक साईटीला एक ओळखपत्र असतं. त्याला मुदत असते. मुदत संपायच्या आत ते नवं करून घ्यावं लागतं. ज्यांची साईट आहे ते विसरले, बदलून गेले, निवृत्त झाले, की मुदत संपते आणि ब्राउझर दारातच अडवतो. साईट आत जशीच्या तशी असते. मग मी ‘प्रगत’वर क्लिक करतो, खाली बारीक अक्षरांत ‘पुढे जा (असुरक्षित)’ असं येतं, त्यावर क्लिक करतो. दिवसभर मी हेच करत असतो. असुरक्षित या शब्दाकडे आता माझं लक्षही जात नाही.

काही साईटी एवढीही वाट ठेवत नाहीत. ‘पुढे जा’ येतच नाही. त्यांच्यासाठी आमच्या भागात एक रीत पडून गेली आहे. कंप्युटरची तारीख मागे न्यायची. ओळखपत्राची मुदत जिवंत होती त्या सालात कंप्युटरला नेऊन ठेवलं की ब्राउझर गुमान आत सोडतो, कारण बिचाऱ्याला आज काय तारीख आहे हे कंप्युटरच सांगतो. मला हे कुणी शिकवलं ते आठवत नाही. नांदेड-लातूरकडच्या नेट कॅफेवाल्यांना, क्लासच्या ऑफिसात बसणाऱ्या पोरांना, सेतूवाल्यांना, सगळ्यांनाच ते येतं. आमचा प्रयोगशाळा सहायक माझ्या शेजारच्या मशीनवर बसून सहज विचारतो, “कोन्त्या सालात जाऊ, सर?”

माझ्या पुतणीच्या नोकरीसाठी मी असाच दोन वर्षं मागे गेलो होतो.

पुतणी म्हणजे माझ्या मोठ्या भावाची मुलगी. तिची गोष्ट सांगायची तर आधी दाखल्याची सांगावी लागेल, आणि दाखल्याची सांगायची तर भूकंपाची.

भूकंप झाला तेव्हा मी सातवीत होतो. आमचं गाव लातूर जिल्ह्याच्या दक्षिणेला. घर दगडमातीचं, वर माळवद. अप्पा, म्हणजे आमचे वडील, शेतात राखणीला होते. भाऊ बाहेर बाजेवर झोपला होता. माय, मी आणि धाकटी बहीण आत होतो. मला भावानं काढलं. माय आणि बहीण निघाल्या तेव्हा त्या गेलेल्या होत्या. पुढे फौजी आले, गाड्या आल्या, घोंगड्या आल्या. एका परातीत कुणीतरी खूप बिस्किटं आणली होती आणि मी ती खात बसलो होतो. आत्ता लिहितो आहे तसंच ते मला आठवतं, एकाखाली एक, आवाज नसलेलं. माझ्यात काहीतरी बधिर झालेलं आहे हे मला फार उशिरा, बायकोनं सांगितल्यावर कळलं. ती म्हणाली, “तुम्ही रडत न्हाई, भांडत न्हाई. नुसतं ‘बरं’ म्हणता.” मी बरं म्हणालो.

त्या वर्षी भावानं नववीतून शाळा सोडली. ढिगारा उपसताना अप्पांचा हात मोडला होता आणि शेताकडे कुणीतरी बघायला हवं होतं. मी मात्र शिकलो. पत्र्याच्या शेडमध्ये आमची शाळा भरायची. उन्हाळ्यात पत्रे इतके तापायचे की मुख्याध्यापक आम्हाला बाभळीखाली घेऊन बसायचे. त्यांनी माझं नाव लातूरच्या एका वसतिगृहात घातलं. तिथल्या स्वयंपाकाच्या मावशी परीक्षेच्या दिवसांत मला दुसऱ्यांदा भाजी वाढायच्या आणि वर म्हणायच्या, “खा रे, गणित येतंय म्हनं तुला.” मी आमच्या घराण्यातला पहिला पदवीधर झालो तो या माणसांमुळे. हे मी उपकार म्हणून लिहीत नाही, झालं तसं लिहितो. आणि सगळ्यांत आधी भावामुळे, कारण त्यानं कधीही “मी सोडली म्हणून तू शिकलास” असं म्हटलं नाही. मला नोकरी लागल्यापासून तो मला नावानं हाक मारत नाही, ‘सर’ म्हणतो, आणि ते म्हणताना त्याच्या मिशीत हसू असतं.

आमच्यासारख्या घरांना सरकारनं भूकंपग्रस्ताचा दाखला दिला होता. त्यावर घरातल्या एका माणसाला सरकारी नोकरीच्या राखीव जागेसाठी अर्ज करता येतो. घरामागे एकच. अप्पांनी तो दाखला माझ्यासाठी पत्र्याच्या पेटीत जपून ठेवला होता. मला त्याच्याशिवाय नोकरी लागली. भावाचं शिक्षण त्याला पुरेसं नव्हतं. मग तो दाखला पेटीत तसाच राहिला, नव्या गावातल्या नव्या सिमेंटच्या घरात, ज्यात अप्पा शेवटपर्यंत झोपले नाहीत, ओसरीवरच झोपायचे.

पुतणी दहावीला चांगल्या मार्कांनी पास झाली आणि भावानं तिला लातूरला क्लासला घातलं. तोवर लातूर मी शिकलो ते राहिलं नव्हतं. आमच्या वसतिगृहाच्या रस्त्यावर दोन्ही बाजूंनी क्लासच्या इमारती झाल्या होत्या. खांबाखांबावर डॉक्टर होणाऱ्या पोरापोरींचे फोटो. गल्लीतल्या म्हाताऱ्याकोताऱ्यांनी सुद्धा वरचा मजला चढवून खोल्या केल्या होत्या. पुतणी एका खोलीत तीन मुलींबरोबर राहायची. वहिनी पहाटे उठून भाकरी करायच्या आणि भाऊ डबा एसटीत ठेवून यायचा. सगळ्या गावांचे डबे तसेच येतात, ड्रायव्हरच्या मागे एकावर एक. लातूरच्या स्टँडवर मुलं आपापला डबा ओळखून घेतात. तिनं डॉक्टरकीच्या प्रवेश परीक्षेला दोनदा बसून पाहिलं. दोन्ही वेळेला मार्क कमी पडले. दुसऱ्या वेळेला निकाल मीच माझ्या कक्षात उघडून पाहिला आणि फोनवर सांगितला. ती म्हणाली, “बरं काका.” मला वाटलं हा शब्द तिनं माझ्याकडून उचलला असावा.

मग ती नर्सिंगला गेली. शिकून नांदेडला एका खाजगी दवाखान्यात लागली आणि आमच्याकडेच राहू लागली. अप्पांनी जायच्या आधी एक काम केलं. सही करून दाखला तिच्या नावावर हस्तांतरित करून दिला. लातूरच्या कार्यालयात भाऊ त्यांना हाताला धरून घेऊन गेला होता. त्या हिवाळ्यात अप्पा गेले. पुढच्या उन्हाळ्यात परिचारिकांची सरकारी भरती निघाली. राखीव जागा अगदी थोड्या होत्या. पुतणीनं त्यातून अर्ज केला, परीक्षा दिली, आणि यादीत तिचं नाव आलं. आता फक्त कागदपत्रांची पडताळणी राहिली होती. मूळ दाखल्यासोबत ऑनलाईन नोंदीची प्रत जोडा, असं त्यात म्हटलं होतं.

ती नोंद ज्या साईटीवर होती ती ‘पुढे जा’ न देणाऱ्यांपैकी निघाली.

मी दुपारचा तास संपवून कक्षात आलो. ती आधीच येऊन बसली होती, दवाखान्याचाच गणवेश घालून. लाल त्रिकोणासमोर हाताची घडी घालून.

“उघडत न्हाई काका. मोबाईलवर बी न्हाई.”

“बघू.”

मी तारखेवर गेलो आणि वर्ष दोननं मागे घेतलं. पान उघडलं. दाखल्याचा क्रमांक टाकला. अप्पांच्या नावाखाली आमचं घर आलं. अप्पा, माय, भाऊ, मी, बहीण. मायच्या आणि बहिणीच्या पुढे ‘मयत’. खाली, नंतर भरलेल्या रकान्यात, हस्तांतरण आणि पुतणीचं नाव. मी प्रिंट दिली. प्रिंटरनं कागद अर्धा घेऊन सोडला म्हणून तो काढून सरळ करून पुन्हा घातला. पुतणी कागद हातात घेऊन वाचत राहिली. “आत्या केवढी होती, काका?” तिनं विचारलं.

“लहान होती.”

मी तारीख पुन्हा आजची केली आणि पुढच्या पालकांना बोलावलं.

पडताळणीला ती एकटीच गेली, माझे तास होते. दुपारी परत आली ती थेट कक्षात, आणि पालकांच्या रांगेतल्या स्टुलावर बसली. ती तिथे आहे हे माझ्या लक्षात यायला वेळ लागला. तिनं प्रिंट माझ्यापुढे धरली आणि डाव्या कोपऱ्यावर बोट ठेवलं. ब्राउझर प्रत्येक पानाच्या डोक्यावर छपाईची तारीख आपणहून टाकतो. तिथे दोन वर्षांपूर्वीची तारीख होती.

“मॅडम म्हनाल्या, ही प्रिंट दोन वर्षांमागची हाय. आणि दाखला माझ्या नावावर मागल्या वर्षी झाला. मग दोन वर्षांमागच्या कागदावर माझं नाव आलं कसं?”

“तू काय म्हणालीस?”

“म्हनलं, काकांनी काढली. त्या म्हनाल्या, काकांनी बनवली का काढली?” तिनं प्रिंट टेबलावर ठेवली. “माझं नाव बाजूला काढून ठेवलं काका. शुक्रवारपर्यंत खरी प्रत आणा म्हनाल्या. न्हाई तर यादीतला खालचा नंबर घ्यावा लागेल.”

मला काहीतरी वाटायला हवं होतं. शेजारी सहायक तिला पाणी देत होता. मी कागदाच्या कोपऱ्याकडे बघत होतो. शेकडो लोकांच्या प्रिंटा मी अशा काढून दिल्या असतील. त्यांपैकी कुणाचीही तारीख कुणी वाचली नव्हती.

यावर उपाय सोपा होता. तारीख मागे घेऊन पान उघडायचं, उघडं असतानाच तारीख आजची करायची, आणि मग प्रिंट द्यायची. मी तसं केलं. कोपऱ्यात आजची तारीख आली. दुसऱ्या दिवशी रजा टाकून तिच्याबरोबर गेलो.

पडताळणीच्या मॅडम वयानं माझ्याएवढ्याच होत्या. टेबलाच्या एका बाजूला फायलींचा गठ्ठा आणि त्यावर डब्याची पिशवी. त्यांनी नवी प्रिंट घेतली, जुनी मागून घेऊन तिच्याशेजारी ठेवली, आणि चष्मा वर केला.

“सर, ही काल आणलेली, ही आज आणलेली. दोन्ही तुमच्याच मशीनवरच्या. यातली कोणती तारीख खरी धरू मी?”

मी सगळं सांगितलं. ओळखपत्र, मुदत, तारीख मागे का घ्यावी लागते. त्यांनी मध्ये एकदाही अडवलं नाही. मग स्वतःच्या कंप्युटरवर पत्ता टाकला. लाल त्रिकोण आला. मॉनिटर माझ्याकडे वळवून म्हणाल्या, “दाखवा करून.”

मी तारखेवर गेलो. त्या मशीनवर तारीख बदलायची परवानगी नव्हती. पासवर्ड मुख्य कार्यालयाकडे होता.

“तुम्ही सांगता ते मला पटून राहिलं,” मॅडम म्हणाल्या. “पण पटणं वेगळं आणि फायलीला लावणं वेगळं. भूकंपाचे बोगस दाखले किती निघतात तुम्हाला माहीत आहे. माझ्याच हातून एक गेला होता मागे. त्याची चौकशी अजून चालू आहे. तारीख फिरवून काढलेला कागद मी कशी लावू, सांगा ना तुम्हीच.”

गणितात सुद्धा मी असं उत्तर मान्य केलं नसतं.

पुतणी पहिल्यांदाच बोलली. “मॅडम, मग मी काय करू?”

“दाखला जिथून निघाला तिथं जा. त्यांनी नोंद बघून सही-शिक्का करून दिला की माझं काम झालं. त्यांच्या सहीची तारीख मी धरीन. तुमच्या कंप्युटरची नाही.” मग थोड्या हळू आवाजात त्या म्हणाल्या, “उद्याच जा बाई. शुक्रवारी संध्याकाळी यादी वर जाते.”

मी भावाला फोन केला. सगळं ऐकून तो म्हणाला, “म्हंजे पोरीचं काम तुमच्या शिक्षणानं अडवलं व्हय सर?” आणि हसला. मग म्हणाला, “येतो मी उद्या स्टँडवर.”

गुरुवारी सकाळच्या गाडीनं मी आणि पुतणी लातूरला निघालो. अहमदपूरपर्यंत ती खिडकीला डोकं टेकून झोपली. लातूरच्या स्टँडवर भाऊ उभा होता, स्वच्छ धोतर आणि पायात नव्या चपला. आमच्यासमोरच एका गाडीतून डबे उतरत होते आणि क्लासची मुलं पिशव्यांवरची नावं वाचत होती. भावानं सवयीनं तिकडे बघितलं आणि मग मुलीच्या डोक्यावर हात ठेवला.

“जेवलीस का?”

“जेवले बाबा.”

कार्यालय एका जुन्या इमारतीत मागच्या बाजूला होतं. तिथे एकच बाबू होते, निवृत्तीला आलेले. भावाला त्यांनी ओळखलं. “म्हाताऱ्याला धरून आनलं होतं ना तुमी? कसे हायत?”

“गेले,” भाऊ म्हणाला.

“हाव का.” त्यांनी हातातलं पेन खाली ठेवलं. “बसा.”

मी काम सांगितलं. अर्धं ऐकूनच ते मान हलवू लागले. “लई जुनी साईट हाय ती. बांधनारी कंपनी कवाच गेली. वर दोनदा लिहून झालं. तिला कोनी वाली न्हाई.”

“मग तुम्ही नोंद कशी बघता?”

त्यांनी कंप्युटरच्या खालच्या कोपऱ्याकडे हनुवटीनं खूण केली. तिथे तारीख होती. दोन वर्षांपूर्वीची. भिंतीवरच्या कॅलेंडरवर चालू महिना होता आणि त्याखालच्या कंप्युटरवर दोन वर्षांपूर्वीचा.

“हा कायम मागंच ऱ्हातो,” बाबू म्हणाले. “रोज मागं-पुढं कोन करत बसतं? सायबांनीच सांगितलं, ऱ्हाऊ द्या तसाच. कागदावर काय, आपन पेनानं आजची तारीख टाकतो. खाली सायबांची सही, वर गोल शिक्का.”

भाऊ माझ्याकडे बघत होता. “सर, म्हंजे सरकार बी तुमच्यासारखंच करून राहिलं की.”

पुतणीला हसू आलं. त्या आठवड्यात पहिल्यांदाच. मला ते बघून बरं वाटलं असावं. मी तिच्याकडे पाहत राहिलो एवढं आठवतं.

बाबूंनी नोंद उघडली. शिक्का देण्याआधी ताडून बघावं लागतं म्हणाले, आणि मोठ्यानं वाचू लागले. कुटुंबप्रमुख, अप्पांचं नाव. पत्नी, मयत. मुलगा. मुलगा. मुलगी, मयत. प्रत्येक नावाला ते थांबायचे आणि वर बघायचे. भाऊ प्रत्येक वेळी “हाव” म्हणायचा. बहिणीच्या नावाला त्यानं थोडा वेळ घेतला.

“यातले तुमी कोनते?” बाबूंनी मला विचारलं.

“दुसरा मुलगा.”

“तवा कुठं होते?”

“घरातच होता,” भावानं उत्तर दिलं. “ह्याला काढला. तिकडं पोचायला वेळ लागला.”

बाबूंनी प्रिंटचं बटण दाबलं. मला वाटलं मी यावर काहीतरी बोलायला हवं, निदान भावाकडे बघायला तरी हवं. मी प्रिंटरमध्ये कागद नीट बसला आहे का ते बघत होतो. अठ्ठावीस-तीस वर्षांत भाऊ याबद्दल माझ्यासमोर एवढंच बोलला आहे, आणि तेही तिसऱ्याच माणसाला.

प्रिंट निघाली. कोपऱ्यात दोन वर्षांपूर्वीची तारीख. बाबूंनी ती एका रेघेनं खोडली, वर आजची लिहिली, आपली आद्याक्षरं टाकली. साहेब बैठकीला गेले होते. आम्ही बाहेर बाकावर बसलो. भावानं वहिनींनी दिलेली शेंगदाण्याची चटणी आणि भाकरी उघडली. पुतणी सारखी मोबाईलवर वेळ बघत होती. दुपार उलटली, चपराशी खोलीला कुलूप लावून चहाला गेला, पुन्हा आला. ती उठून पायऱ्यांपर्यंत जायची आणि परत यायची.

“साहेब आलेच न्हाई तर?” तिनं मला विचारलं.

“येतील.”

“काका, तुम्हाला भीती वाटत न्हाई का?”

मी विचार केला. “माहीत नाही,” म्हणालो.

“तुला वाटती ना?” भाऊ तिला म्हणाला. “मग बास की. एका घरात एकाला वाटली तरी लई झाली.”

कार्यालय सुटायच्या थोडं आधी साहेब आले. जिना चढता चढताच बाबूंनी त्यांना अडवलं. साहेबांनी कागद भिंतीला टेकवून सही केली, पुतणीकडे बघितलं आणि विचारलं, “नर्स का?”

“हो सर.”

“बरं आहे. बरं आहे.” ते आत गेले. बाबूंनी शिक्का मारला, तो नीट उमटला नाही म्हणून शेजारी पुन्हा मारला.

शुक्रवारी मॅडमनी कागद खालून वर वाचला. आधी शिक्का, मग सही, मग पेनाची तारीख. खोडलेल्या तारखेवर त्यांचं बोट जरा थांबलं.

“त्यांच्याकडे पण तेच?” त्यांनी मला विचारलं.

“त्यांच्याकडे कायमच.”

त्यांनी मान हलवली, माझ्या दोन्ही प्रिंटा फायलीतून काढून मला परत दिल्या, आणि लातूरचा कागद त्यांच्या जागी लावला. पुतणीच्या नावापुढे बरोबरची खूण केली. एवढंच झालं. आम्ही बाहेर येऊन ऑटोत बसल्यावर ती रडू लागली. ऑटोवाल्यानं आरशातून बघून विचारलं, “काय झालं ताई, दवाखान्यात न्यायचं का?” तिनं मान हलवली आणि हसत हसत रडत राहिली. मी तिला रुमाल दिला. मलाही रडता आलं असतं तर तिला सोबत झाली असती असं वाटलं.

तिला हिमायतनगरच्या सरकारी दवाखान्यात जागा मिळाली. रुजू व्हायच्या दिवशी शेतात पेरणीची घाई होती म्हणून भावाऐवजी मी गेलो. तिथल्या मुख्य सिस्टर नांदेडच्याच होत्या. तिचे कागद चाळत त्यांनी विचारलं, “भूकंपग्रस्त? कोणत्या सालातला भूकंप गं? तू तर तेव्हा जन्मली बी नसशील.”

“न्हाई जन्मले,” पुतणी म्हणाली. “आमच्या घरात झाला होता.”

“कोण गेलं?”

आणि ती सांगू लागली. आजी कशी होती, तिच्या हातची आंबाडीची भाजी कशी असायची, आत्याच्या दोन वेण्यांना लाल रिबिनी असायच्या, त्या रात्री गणपती पोचवून सगळे दमून झोपले होते. तिच्या बाबांनी आधी काकांना काढलं कारण काकांचा आवाज येत होता, आणि मग नुसत्या हातांनी दगड उचलत राहिले, हात सोलून निघाले तरी. मी दाराशी उभा होतो. आंबाडीच्या भाजीचं मी विसरलो होतो. रिबिनी मला आठवत नव्हत्या. ती ते अशा रीतीनं सांगत होती की सिस्टरांच्या डोळ्यांत पाणी आलं. भावानं हे सगळं तिला कधी सांगितलं असेल, कुठे बसून, हे मला माहीत नाही. मी त्या घरातच होतो, आणि दुसऱ्या कुणाच्या घरची हकीकत ऐकावी तशी मी ती ऐकत होतो.

सिस्टर माझ्याकडे वळल्या. “हे काका का? तुम्ही होता ना तिथं?”

“होतो.”

“कसं झालं असेल हो तेव्हा.”

“ती म्हणाली तसंच झालं,” मी म्हणालो.

तिची ड्युटी त्याच दिवशी लागली. बाळंतिणींच्या वॉर्डात. ती आत गेली, आणि मी थोडा वेळ पेशंटच्या नातेवाइकांत उभा राहून स्टँडवर आलो. भावाला फोन लावला. मागे बैलांचा आवाज येत होता.

“लागली कामाला,” मी म्हणालो.

“हं.”

त्याला कुणीतरी तिफण धरायला सांगत होतं, पण त्यानं फोन ठेवला नाही. नांदेडची गाडी लागली, माणसं चढली, कंडक्टरनं घंटी दिली. मी फोन कानाला धरूनच जागा शोधली आणि बसलो.